क्वेरीतील साइन-कोसाइनवरचा आळ

नागपुरातील प्रोग्रॅमर मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांत एक सल्ला सतत फिरत असतो: एसक्यूएल क्वेरीत (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात) अंतर काढायला साइन-कोसाइन वापरू नका, क्वेरी मंदावते आणि उत्तरेही भलतीच येतात, जवळची दुकाने शोधायची असतील तर सगळ्या ओळी ॲप्लिकेशनमध्ये आणा, एका अंशाला 111 किलोमीटर धरा आणि पायथागोरस लावा. यातील एकही मुद्दा जसाच्या तसा टिकत नाही.

आधी 111 चा आकडा घेऊ, कारण सर्वाधिक नुकसान तोच करतो. अक्षांशाच्या अंशासाठी तो ठीक आहे. रेखांशाच्या अंशासाठी मात्र तो विषुववृत्तापाशीच खरा असतो आणि उत्तरेकडे जाताना कोसाइनच्या प्रमाणात घटतो. नागपूर सुमारे 21.15 उत्तर अक्षांशावर असल्याने येथे रेखांशाचा एक अंश जेमतेम 104 किलोमीटर भरतो. परिणामी झीरो माइलपासून थेट पूर्वेला 4.8 किलोमीटरवर असलेले औषधांचे दुकान या हिशेबाने 5.1 किलोमीटरवर जाते आणि पाच किलोमीटरांच्या यादीतून गळते, तर तेवढ्याच अंतरावरचे उत्तरेकडील दुकान यादीत राहते. श्रीनगरला हीच चूक 20 टक्क्यांच्या घरात जाते. पायथागोरसचे वावडे नाही. शहरापुरत्या अंतरांसाठी रेखांशातील फरक आधी कोसाइनने गुणला, तर तो पुरेसा अचूक ठरतो. पण मग कोसाइन आलाच की!

क्वेरी मंदावते हे खरे, पण त्याचे कारण वेगळे आहे. अटीत स्तंभावरच फंक्शन लावले की साधा इंडेक्स (ओळी चटकन शोधून देणारी सूची) निरुपयोगी होतो आणि टेबलातील प्रत्येक ओळ तपासावी लागते. तेथे साइनऐवजी वर्गमूळ असते तरी हेच घडले असते. म्हणून पाच किलोमीटरांसाठी आधी अक्षांश 0.046 आणि रेखांश 0.049 अंश मागेपुढे अशी ‘बिट्वीन’ची (किमान-कमाल मर्यादेची) चौकट घालावी आणि तिच्यात उरलेल्या ओळींवरच त्रिकोणमिती चालवावी. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या पोस्टजीआयएस या नकाशाविषयक जोडणीतील ‘एसटी_डीविदिन’ हे ठरावीक अंतरातील ओळी निवडणारे फंक्शन अवकाशीय इंडेक्सच्या आधारे हीच चाळणी स्वतः लावते. सगळ्या ओळी ॲप्लिकेशनमध्ये ओढल्याने तर टेबल वाचण्याच्या खर्चात नेटवर्कच्या खर्चाची भरच पडते.

भलत्या उत्तरांचे मूळ बहुधा एककात असते. साइन-कोसाइनची फंक्शने कोन अंशांत नव्हे, रेडियनमध्ये मागतात; साइनला थेट 30 दिले तर 0.5 नव्हे, उणे 0.988 मिळते. ‘रेडियन्स’ हे फंक्शन त्यासाठीच आहे, आणि पोस्टग्रेसमध्ये अंश घेणारी ‘साइनडी’, ‘कॉसडी’ही आहेत. खरा सावधगिरीचा मुद्दा या सल्ल्यात नाहीच: दोन बिंदू एकच असतील तर दशांश तोकडे केल्याने उरणाऱ्या बारीक चुकीमुळे अंतराच्या सूत्रातील ‘एकॉस’च्या (कोसाइनवरून कोन काढणाऱ्या फंक्शनच्या) हाती 1 हून किंचित मोठी संख्या पडू शकते, तेव्हा पोस्टग्रेस त्रुटी दाखवतो, तर मायएसक्यूएल हा डेटाबेस मुकाट्याने ‘नल’ म्हणजे रिकामे उत्तर देतो. त्यामुळे ती संख्या ‘लीस्ट’ या सर्वांत लहान संख्या निवडणाऱ्या फंक्शनने 1 वर रोखावी किंवा सरळ ‘एकॉस’ न लागणारे हॅव्हरसाइन हे अंतराचे सूत्र वापरावे.