चीड, राळ आणि आपला डिंक: एका फॉरवर्डला उत्तर

शेतकऱ्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतो आहे. बरड जमिनीवर चीड म्हणजे पाइनची झाडं लावा, पाच वर्षांत राळ सुरू होते, कारखानेवाले दारात येऊन नेतात. राळ म्हणजे डिंकच, लाडवातही चालते. आणि तिच्यापासून निघणारं टर्पेंटाइन चमचाभर घेतलं की पोटातले जंत पडतात. ओळखीतले कास्तकार रोपांचे भाव विचारू लागलेत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पाच वर्षांची गोष्ट साफ खोटी आहे. चीड हे हिमालयाच्या उतारावरचं झाड, साधारण 450 ते 2300 मीटर उंचीवरचं. उत्तराखंड-हिमाचलात खोडाचा व्यास 30 सेंटिमीटरच्या आसपास गेला की मगच राळेसाठी त्याला खाच देतात, आणि तिथल्या हवेतही एवढं खोड व्हायला काही दशकं लागतात. आपल्या विदर्भातल्या मे महिन्याच्या 45 अंशांत, मुरमाड बरडावर ते कसं वाढणार? रोपं विकणाऱ्याचा पैसा मात्र पहिल्याच वर्षी वसूल होतो.

कारखान्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. झाडातून पाझरणारा चिकट लिसा ऊर्ध्वपातनाच्या भट्टीत जातो. वाफेबरोबर टर्पेंटाइन निघतं आणि खाली रोझिन उरतं, म्हणजेच बाजारातली पिवळी, काचेसारखी फुटणारी राळ. 100 किलो लिशातून साधारण 70 ते 75 किलो रोझिन मिळतं. कागदावर शाई फुटू नये म्हणून तुरटीबरोबर रोझिन वापरत आले आहेत. नव्या कागद गिरण्यांत आता दुसरी रसायनंही आली. छपाईची शाई, वॉर्निश, चिकटपट्टीचा गोंद, रबर, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातली सोल्डरची तार, सगळीकडे रोझिन लागतं. टर्पेंटाइनपासून कापूर आणि पाइन तेल बनतं. मागणी खरीच आहे. पण हे कारखाने जंगलांच्या जवळ आहेत: हिमाचलात नाहन आणि बिलासपूरला. शिवाय चीनसारखा मोठा उत्पादक बाजारात आहेच. यवतमाळच्या धुऱ्यावरून चार डबे लिसा न्यायला कोण येणार?

आता लाडवाचं. याचाच मला खरा राग आहे, कारण हे बाळंतिणीच्या ताटात जाऊ शकतं. धावड्याचा किंवा बाभळीचा डिंक म्हणजे पाण्यात विरघळणारी किंवा फुगणारी साखरजातीची वस्तू. राळ म्हणजे तेलात विरघळणारी आम्लं. तुपात टाकून पाहा: डिंक लाहीसारखा फुलतो, बोटाने दाबला की कुस्करतो. राळ फुलत नाही, वितळते आणि तुपातच मिसळून जाते. मग काढूही शकत नाही. त्यापेक्षा पाण्याची परीक्षा सोपी. दोन्हींचा एकेक खडा वाटीभर पाण्यात रात्रभर ठेवा. सकाळी डिंक फुगलेला किंवा विरघळलेला दिसेल, राळेचा खडा जसाच्या तसा, धारदार कडांसकट. च्युइंगममध्ये राळ असते, असंही मेसेज सांगतो. तिथे रोझिनचं ग्लिसरीनबरोबर प्रक्रिया करून शुद्ध केलेलं संयुग असतं. दुकानातला राळेचा खडा म्हणजे ते नव्हे.

टर्पेंटाइन पिणं तर जिवावरचं. गिळताना किंवा उलटी होताना ते फुफ्फुसात गेलं तर न्यूमोनियासारखा आजार होतो, लहान मुलांना फार लवकर. मूत्रपिंडालाही इजा पोचते. रंगाच्या दुकानात टर्पेंटाइन म्हणून मिळतं ते बहुतेक वेळा पेट्रोलियमचंच असतं, तेही तितकंच घातक. कुणी प्यायलंच तर उलटी करवू नका, बाटलीसकट तडक दवाखान्यात न्या. जंतांसाठी सरकारी दवाखान्यात गोळी मिळते.

सोल्डर करणाऱ्या पोरांनाही सांगा: राळेचा धूर रोज छातीत गेला तर दमा जडू शकतो. पंखा असा लावा की धूर तोंडावर न येता बाजूला जाईल.

आणि राळच हवी असेल तर मेळघाटात सालईचं झाड आहे. त्याच्या चिकात डिंक, राळ आणि तेल तिन्ही असतं. तो धुपात जातो, आयुर्वेदात शल्लकी म्हणून वापरतात. वनहक्क कायद्यात डिंक गौण वनोपज आहे, सामूहिक हक्क मिळालेल्या ग्रामसभांना तो गोळा करून विकता येतो. खोडाला कुऱ्हाडीचे खोल घाव घालू नका, झाड वाळतं. चिडीच्या रोपांसाठी कुणी आगाऊ पैसे मागत असेल तर एकच विचारा: आपल्या जिल्ह्यात राळ देणारं चिडीचं एक तरी झाड दाखवता का?