चक्कर येते म्हणून मानेला पट्टा लावताय?

‘चक्कर म्हणजे मानेचा मणका. पट्टा लावा, मान हलवू नका, गोळी रोज घ्या. व्यायामाने चक्कर वाढते.’ हा मेसेज घरोघरी पोहोचलाय आणि त्यापायी कितीतरी ज्येष्ठ एकाच कुशीवर झोपतात. म्हणून एकेक दावा तपासू.

आधी मानेचा. कूस बदलताना किंवा माळ्यावरचा डबा काढायला वर बघताना खोली गरगरते आणि मिनिटाच्या आत थांबते, तेव्हा दोष बहुधा आतल्या कानात असतो. तिथले कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण जागा सोडून तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरतात. साठीनंतर मानेच्या एक्स-रेत झीज बहुतेकांच्या दिसते. तेवढ्यावरून गरगरण्याचं कारण ठरत नाही. ते ठरवायला डिक्स-हॉलपाइक तपासणी १९५२ पासून आहे. डोकं एका बाजूला वळवून रुग्णाला पटकन आडवं करतात आणि डोळे बघतात. दोष त्या कानात असेल तर काही क्षणांत बुबुळं थडथडत फिरू लागतात.

रोजची गोळी? मळमळ असह्य असेल तर दोन-चार दिवस ठीक. गोळीने कण जागेवर जात नाहीत. प्रोक्लोरपेराझिन किंवा सिनारिझिन महिनोन्‌महिने घेतल्याने वृद्धांमध्ये हात थरथरणं, अंग ताठणं सुरू होऊ शकतं, गुंगीने पडण्याची भीती वेगळीच. मात्र चालू गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

आता व्यायाम. इथे मेसेज सर्वांत जास्त नुकसान करतो. अमेरिकेतल्या डॉ. जॉन एपली यांची पद्धत १९९२ मध्ये प्रसिद्ध झाली: डोकं ४५ अंश वळवून झोपवायचं, थांबायचं, मग दुसऱ्या बाजूला, मग पूर्ण कुशीवर, मग उठवायचं. कण नलिकेतून बाहेर पडतात. त्या वेळी गरगरतं, हे खरं. कण सरकत असतात. अनेकांना एक-दोन बैठकींत आराम पडतो. कान कोणता हे न कळता व्हिडिओ बघून करू नका.

कानाच्या नसेला सूज येऊन तोल गेला असेल तर उपाय वेगळा: अंगठा समोर धरून नजर त्यावर खिळवायची आणि डोकं डावी-उजवीकडे हलवायचं. थोडं गरगरल्याशिवाय मेंदू नवा हिशेब शिकत नाही. पट्टा नेमकी हीच हालचाल अडवतो.

चकरेसोबत बोलणं अडखळलं, एकाचं दोन दिसलं, हातपाय लुळे पडले, उभंच राहता आलं नाही किंवा अचानक ऐकू येईनासं झालं, तर व्यायाम नाही, गोळी नाही. त्याच क्षणी हॉस्पिटल गाठा.