एमआरआय सरसकट का नको : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, ‘स्तनाच्या कर्करोगात प्रत्येक रुग्णाला शस्त्रक्रियेआधी एमआरआयची गरज नसते’ या माझ्या विधानावर आपण घेतलेला आक्षेप मी काळजीपूर्वक वाचला. आपल्या ३८ वर्षांच्या बहिणीच्या मॅमोग्राफीत, म्हणजे स्तनाच्या एक्स-रेत, एकच गाठ दिसली, एमआरआयमध्ये दुसरी सापडली, बायोप्सीत, म्हणजे सुईने तुकडा काढून केलेल्या तपासणीत, तीही कर्करोगाची निघाली. आणि आम्ही डॉक्टर पैशांकडे बघून बायकांची अर्ध्या तपासणीवर बोळवण करतो, असे आपण म्हणता.

बहिणीच्या बाबतीत निर्णय योग्यच झाला, कारण दुसऱ्या गाठीत आधी सुई गेली. माझे म्हणणे त्या सुईपाशीच आहे. एमआरआयच्या तपासणीत शिरेतून गॅडोलिनियमचे औषध देतात. कर्करोगाच्या गाठीतल्या नव्या, गळक्या रक्तवाहिन्यांमुळे ते तिथे झटपट साचते आणि गाठ उजळते. मात्र फायब्रोअॅडिनोमासारखी साधी गाठही उजळते, आणि मासिक चक्राच्या काही दिवसांत निरोगी स्तनही. म्हणून शक्य असेल तेव्हा पाळी सुरू झाल्यापासून सातव्या ते चौदाव्या दिवसादरम्यान बोलावतात. पडद्यावरचा पाच-सहा मिलिमीटरचा पांढरा ठिपका नेमका कशाचा, हे मी रेडिओलॉजिस्ट असूनही नुसते पाहून ठामपणे सांगू शकत नाही. अशाच एका ठिपक्यावर विसंबून, बायोप्सी न करता, संपूर्ण स्तन काढला गेल्याचे आणि पॅथॉलॉजीच्या अहवालात त्या जागी कर्करोग नसल्याचे मी पाहिले आहे. त्या बाईंचा अहवाल हातात घेऊन बसलेला त्यांचा मुलगा मला अजून आठवतो.

ब्रिटनमधल्या ‘कॉमिस’ चाचणीचे निष्कर्ष २०१० साली आले. स्तन वाचवण्याची शस्त्रक्रिया ठरलेल्या १६२३ स्त्रियांपैकी साधारण निम्म्यांचा आधी एमआरआय केला होता. रोगाचा आवाका आधीच कळला तर दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया करण्याची वेळ कमी येईल, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात दोन्ही गटांत ते प्रमाण सुमारे १९ टक्केच राहिले. एक अडचण तर अगदी साधी आहे: एमआरआय पालथे झोपवून, स्तन खाली सोडून काढतात, तर शस्त्रक्रिया उताणे झोपवून होते, त्यामुळे चित्रातली जागा टेबलावर सरकलेली असते. शिवाय फक्त एमआरआयमध्येच दिसणाऱ्या ठिपक्याची बायोप्सी एमआरआयच्या मार्गदर्शनाखालीच करावी लागते, आणि ती सोय मोजक्याच ठिकाणी आहे. सोय नसताना पैसे भरून एमआरआय केला, तर हाती बहुतेकदा धास्तीच उरते.

आपली एक तक्रार मात्र पूर्णपणे मान्य आहे. एमआरआय कोणाला हवाच, हे मी लेखात ठळकपणे लिहायला हवे होते. ते आता जोडले आहे. काखेत कर्करोगाची गाठ आहे पण स्तनात काही सापडत नाही, लोब्युलर (दुधाच्या ग्रंथींत सुरू होणाऱ्या) प्रकारात रोगाची कड नीट कळत नाही, शस्त्रक्रियेआधीच्या केमोने गाठ किती आटली हे पाहायचे आहे, अशा वेळी त्याला तोड नाही. आनुवंशिक जोखीम असलेल्या स्त्रियांसाठी तर तो फारच मोलाचा आहे. अशा १९०९ स्त्रियांच्या २००४ मधील डच अभ्यासात आजूबाजूला पसरू लागलेल्या कर्करोगांपैकी सुमारे ८० टक्के एमआरआयने टिपले, मॅमोग्राफीने ३३ टक्के.

म्हणूनच एक विनंती. ३८ हे वय लहान आहे. ज्यांच्यातल्या दोषामुळे स्तनाच्या कर्करोगाची आनुवंशिक जोखीम वाढते, त्या बीआरसीए जनुकांची बहिणीची तपासणी झाली नसेल तर तिच्या डॉक्टरांशी त्याबद्दल अवश्य बोला. त्यात दोष आढळला तर तोच दोष आपल्यातही असण्याची शक्यता निम्मी आहे, आणि तो निघालाच, तर दरवर्षीचा एमआरआय आपल्यालाही करावा लागेल.