टोकन घेऊन बाथरूमला जाणारा कामगार जास्त काम करत नाही

‘मालकांनो, जागे व्हा! कामगारांकडून काम काढून घेण्याचे सहा नियम.’ हा मेसेज सध्या नागपूरजवळच्या हिंगणा, बुटीबोरीच्या कारखानदारांच्या ग्रुपवर जोरात फिरतोय. माझा पुतण्या हिंगणा एमआयडीसीत छोटं प्रेस शॉप, म्हणजे यंत्राने दाबून धातूचे सुटे भाग काढण्याचा कारखाना, चालवतो. त्याने तो घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘काका, एकदम प्रॅक्टिकल. सोमवारपासून लागू करतो.’ मी आयुष्यभर शॉप फ्लोअरवर सुपरवायझरी केली आहे. हे वाचून गप्प बसवलं नाही.

सहावा नियम आधी घेतो, कारण तो नागपूरकराने पुढे पाठवावा याचंच मला वाईट वाटलं. म्हणे, ‘टाटा कामगारांचे लाड करून मोठे झाले नाहीत.’ अरे, एम्प्रेस मिल कुठे होती? 1 जानेवारी 1877 ला जमशेटजींनी ती आपल्या नागपुरात सुरू केली. स्वतः मुंबईत राहून गिरणी सोपवली बेझनजी मेहतांवर, जे रेल्वेतून आले होते आणि ज्यांना कापडधंद्याची काहीच माहिती नव्हती. गिरणीत दमटपणा राखणारी यंत्रणा बसवली, आगीसाठी पाण्याचे फवारे बसवले, पुढे कामगारांना पेन्शन आणि भविष्य निर्वाह निधी दिला. आणि हे सगळं सरकारी सक्ती नसतानाच्या काळात. याला लाड म्हणायचे असतील तर टाटा लाड करूनच मोठे झाले.

आता तिसरा नियम. ‘बाथरूमसाठी टोकन ठेवा. शिफ्टमध्ये दोनदा, पाच-पाच मिनिटं.’ बाकी सगळं बाजूला ठेवलं तरी हा एक नियम माणुसकीला धरून नाही. पुतण्याच्या पॅकिंगला बायका आहेत. पत्र्याचं शेड, मे महिना, बाहेर पंचेचाळीस डिग्री. टोकन लावलं की बाई काय करते? पाणी पिणं बंद करते. सकाळी घरून निघतानाच अर्धा पेला पिऊन येते आणि बाटली संध्याकाळी भरलेलीच परत नेते. मी हे पाहिलंय. दुपारी तीनच्या सुमारास त्यांचं डोकं धरतं, हात मंदावतात, खोक्यात नग कमी-जास्त पडायला लागतात. पुढे लघवीची जळजळ, ताप, मग चार दिवस खाडा. वाचवलेली पाच मिनिटं कुठे गेली? आणि मासिक पाळीत बाईने टोकन कोणाकडे मागायचं, पुरुष सुपरवायझरकडे? हा मेसेज लिहिणाऱ्याच्या डोक्यात हे आलंच नसेल. 1948 च्या कारखाने कायद्याने कलम 19 मध्येच सांगून ठेवलं होतं की कामगार कारखान्यात असताना त्याला स्वच्छतागृह केव्हाही वापरता आलं पाहिजे. केव्हाही, म्हणजे टोकन शिल्लक असेपर्यंत नव्हे.

दुसरा आणि चौथा नियम एकत्र घेतो, दोन्ही पैसे कापण्याचे आहेत. ‘दहा मिनिटं उशीर, अर्धा दिवस कट’ आणि ‘एक पगार कायम अडकवून ठेवा, म्हणजे सोडून जात नाही.’ दोन्ही बेकायदा आहेत. गैरहजेरीची कपात गैरहजेरीच्या वेळेइतकीच करता येते. दंड करायचाच तर त्या पगाराच्या तीन टक्क्यांच्या वर नाही, तोही कामगाराचं म्हणणं ऐकून, आणि ती रक्कम मालकाच्या खिशात जात नाही, कामगारांच्याच हितासाठी वापरावी लागते. हे पगारवाटपाच्या 1936 च्या कायद्यात होतं आणि 2019 च्या वेतन संहितेतही आहे. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत, आणि नोकरी सोडली तर दोन कामाच्या दिवसांत हिशेब, हेही त्याच संहितेत आहे.

कायदा सोडा, दंडाने काम तरी सुधारतं का? मी होतो त्या एका कंपनीत प्रत्येक रिजेक्शनमागे, म्हणजे खराब निघालेल्या पीसमागे, पैसे कापायला सुरुवात झाली. डायची, म्हणजे कापणाऱ्या साच्याची, धार गेली होती, पीसला बर, म्हणजे कडेला खरखरीत कंगोरा, येत होती, ऑपरेटरला पहिल्या तासातच दिसलं. त्याने प्रेस थांबवली नाही. खराब पीस क्रेटच्या तळाशी, वर चांगल्यांचा थर. अख्खा लॉट गिऱ्हाइकाकडून परत आला. मी विचारलं तर म्हणाला, ‘साहेब, सांगतलं तं दोनशे कटते. मंग काहून सांगू?’ मला उत्तर देता आलं नाही. दंड लावण्याआधी हाच माणूस बर दिसली की हाक मारायचा.

पाचवा, ‘कौतुक करू नका, डोक्यावर बसतो.’ यावर वेळ घालवत नाही. ज्याला असं वाटतं त्याने स्वतःच्या पोराला वर्षभर असं वागवून पाहावं.

राहिला पहिला. ‘कोणावरही विश्वास ठेवू नका, जागोजागी कॅमेरे लावा.’ यात अर्ध सत्य आहे, ते मान्य करतो. चोरी होते. तांब्याचा भंगार जातो, डिझेल जातं, आणि ‘आपली माणसं आहेत’ म्हणून नोंदच न ठेवणारा मालक बुडतो. पण नोंद कशाची ठेवायची हाच खरा प्रश्न आहे. अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी मुंबईजवळच्या तारापूर, उंबरगावच्या कापड कारखान्यांत याचा प्रत्यक्ष प्रयोग केला. तो 2013 साली प्रसिद्ध झाला. काही कारखान्यांना सल्लागारांची नीट मदत दिली, काहींना फक्त पाहणीपुरती. मदत काय होती? कापडातले दोष रोज लिहायचे, मशीन बंद का पडली ते लिहायचं, मेंटेनन्स वेळेवर करायचा, सुताचा साठा मोजून मांडून ठेवायचा, आणि या आकड्यांवर बसून बोलायचं. पहिल्याच वर्षी उत्पादकता 17 टक्क्यांनी वाढली.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट पुतण्याने नीट वाचावी. हे मालक बाहेरच्या मॅनेजरवर विश्वास टाकत नव्हते, त्यामुळे धंदा किती वाढणार हे घरात कर्ते पुरुष किती यावर ठरत होतं. कारभार सुधारलेल्या मालकांनी अधिकार खाली सोपवले आणि त्यांचे कारखाने वाढले. आमच्या घरात तो धंदा पाहायला पुतण्या एकटा आहे.

त्याने गेटवरचा आणि स्टोअरचा कॅमेरा ठेवावा, माझी हरकत नाही. पॅकिंगच्या बायकांवर रोखलेला उतरवावा. रोज सकाळी दहा मिनिटं प्रेसजवळ उभं राहून कालचं रिजेक्शन आणि बंद पडलेली मशीन यावर ऑपरेटरांशीच बोलावं. बर दिसल्यावर प्रेस थांबवण्याचा अधिकार ऑपरेटरला द्यावा आणि थांबवली म्हणून एक रुपयाही कापू नये.