खुनी कोण ते न सांगणारी पुस्तकं

व्हिक्टोरियन इंग्लंडमधल्या न उलगडलेल्या खुनांवर वाचायचं म्हटलं की लोक थेट जॅक द रिपर (1888 साली लंडनमध्ये पाच बायकांना मारणारा, कधीच न सापडलेला खुनी) गाठतात, आणि त्यातही नेमकं 'अखेर खुनी सापडला' छापाचं पुस्तक उचलतात. माझं मत विचाराल तर या विषयावर चार बरी पुस्तकं जमवायची असतील तर छातीठोकपणे नाव सांगणारी सगळी आधी बाजूला काढा. त्यांच्यात आरोपी आधी ठरतो, पुरावा मागून गोळा होतो. 2002 साली चित्रकार वॉल्टर सिकर्टला रिपर ठरवणारं पुस्तक धो धो खपलं. खून झाले त्या दिवसांतला बराच काळ सिकर्ट फ्रान्समध्ये होता असं तेव्हाच्या पत्रांवरून दिसतं, पण त्यानं खपावर काडीचा फरक पडला नाही.

सुरुवात करायची तर 1876 च्या चार्ल्स ब्राव्होपासून करा. लंडनच्या बॅलहॅममधला 'द प्रायरी' हा बंगला. तिशीचा बॅरिस्टर, लग्नाला जेमतेम चार-पाच महिने झालेले. रात्री जेवून झोपायला गेला आणि थोड्याच वेळात "फ्लॉरेन्स, गरम पाणी!" असं ओरडत खोलीच्या दारात आला. पोटात अँटिमनी, म्हणजे टार्टर इमेटिक. पाण्यात सहज विरघळतं, चव फारशी लागत नाही. मरायला त्याला तीन दिवस लागले आणि या तीन दिवसांत डॉक्टरांनी विचारून विचारून हैराण केलं तरी तो एकच सांगत राहिला: दाढदुखीसाठी हिरड्यांना अफूचा अर्क लावला, बाकी काही घेतलं नाही.

आता घरातली माणसं बघा. बायको फ्लॉरेन्स, स्वतःच्या पैशानं श्रीमंत, लग्नाआधी तिचं डॉ. गली नावाच्या म्हाताऱ्या, नावाजलेल्या डॉक्टरशी प्रकरण. (हे गली म्हणजे डार्विनवर जलोपचार करणारे.) तिची सोबतीण जेन कॉक्स, विधवा, पदरात तीन मुलं, चार्ल्सला तिचा खर्च खुपत होता आणि तिला घालवायच्या गोष्टी चालल्या होत्या. शिवाय नोकरीवरून काढलेला एक कोचमन, ज्यानं घोड्यांसाठी हेच टार्टर इमेटिक विकत आणलं होतं! मिसेस कॉक्स आधी म्हणाल्या, "मी विष घेतलंय, असं चार्ल्स मला म्हणाला." दुसऱ्या चौकशीत त्याच वाक्याला त्यांनी "गलीपायी" एवढी पुस्ती जोडली. या एका पुस्तीवर मी रात्र रात्र घालवू शकतो.

या चौकशीतल्या ज्यूरीनं खून झाल्याचा निर्णय दिला, पण कुणावर ठपका ठेवण्याइतका पुरावा नाही म्हणाली. म्हणजे खटला उभाच राहिला नाही. ओल्ड बेली या लंडनच्या फौजदारी कोर्टाच्या कामकाजाचं 1674 ते 1913 पर्यंतचं दफ्तर नेटवर फुकट आहे, तरी त्यात ब्राव्होचा खटला शोधून सापडणार नाही. सगळा माल कॉरोनरच्या, म्हणजे संशयास्पद मृत्यू तपासणाऱ्या अधिकाऱ्याच्या चौकशीत. (1999 पर्यंत मुंबईतही कॉरोनर होता, जुन्या मुंबईकरांना समजावून सांगायला नको.) लंडनची जुनी वर्तमानपत्रं नेटवर वाचायला बहुतेक ठिकाणी पैसे पडतात, पण ऑस्ट्रेलियातले पेपर विलायतेच्या बातम्या काही आठवड्यांनी उचलून छापायचे आणि त्यांच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं 'ट्रोव्ह' फुकट आहे. कंजूष वाचकाला आणखी काय हवं?

खटले वाचायचे तर एडिंबराच्या विल्यम हॉज प्रकाशनाची 'नोटेबल ब्रिटिश ट्रायल्स' ही मालिका. जुने बरेच खंड इंटरनेट अर्काइव्हवर आहेत. त्यातली ग्लासगोची मॅडलिन स्मिथ (1857, आर्सेनिक, आणि प्रियकराला लिहिलेली ढीगभर पत्रं) आणि पिम्लिकोची अ‍ॅडलेड बार्टलेट (1886) या दोघी चुकवू नका. अ‍ॅडलेडच्या नवऱ्याच्या पोटात क्लोरोफॉर्म सापडलं, पण ते गिळताना घसा भाजतो, तशी खूणच नाही. सुटल्यावर आता तरी विज्ञानासाठी तिनं हे केलं कसं ते सांगावं, असं सर जेम्स पॅजेट हे नावाजलेले सर्जन म्हणाल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. पण एक ध्यानात ठेवा: 1898 च्या कायद्यापर्यंत खुनाच्या आरोपीला स्वतःच्या बचावात शपथेवर साक्ष देताच येत नव्हती. शेकडो पानं वाचायची आणि जिच्याबद्दल सगळं चाललंय ती गप्प. 'ती काही बोललीच नाही' यावरून तर्क लढवणारी आधुनिक पुस्तकं मला म्हणूनच फालतू वाटतात.

बोटांचे ठसे नाहीत यावरून तर्क लढवण्याचंही तेच, तेव्हा ती सोयच नव्हती. कलकत्त्यात 1897 मध्ये ठशांचं दफ्तर सुरू झालं, त्याच्या वर्गवारीत अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांचं डोकं. स्कॉटलंड यार्डात, म्हणजे लंडनच्या पोलिसांकडे, ते 1901 ला पोचलं, व्हिक्टोरिया राणी गेल्यावर. रक्त माणसाचं की जनावराचं हे खात्रीनं सांगणारी चाचणीही त्याच वर्षीची.

आणि रिपर? घ्या की, पण दोनच. फिलिप सगडनचं 1994 चं पुस्तक कागदपत्रांसाठी आणि हॅली रुबेनहोल्डचं 2019 चं त्या पाच बायकांसाठी. रुबेनहोल्ड खुनाचं वर्णनच करत नाही. पाचपैकी तिघी वेश्या होत्या याला पुरावा नाही हे ती नीट मांडते. मारल्या गेल्या तेव्हा त्या झोपलेल्या असाव्यात, हा तिचा तर्क मात्र मला ताणलेला वाटतो.

ओल्ड बेलीत कधी न पोचलेल्या ब्राव्होसारख्या आणखी चौकशांवर कुणाकडे काही असेल तर कमेंटमध्ये टाका. सिकर्टवालं पुस्तक कुणी भेट देऊ नका, दोन आलीत.