गॅलरीतली "एकच" सिगरेट : एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, चिडून का होईना पण सविस्तर लिहिलंत, आवडलं. थोडी सिगरेटही आणि दुसऱ्याचा धूरही हार्टला बाधतो असं मी लिहिलं होतं. तुमचं म्हणणं असं की मी उगाच घाबरवतोय, तुम्ही रोज दहा सिगरेटींवरून दोनवर आलाय, त्याही गॅलरीत ओढता, आजोबा विड्या ओढून पंच्याऐंशीपर्यंत टुणटुणीत होते आणि दुसऱ्याच्या धुराने हार्टला काय होतंय.

आजोबांचं राहू द्या. असे एक आजोबा प्रत्येक घरात असतात, पन्नाशीत गेलेल्यांचं कोणी सांगत बसत नाही.

पण दोनचं बोलूच. आपण धरून चालतो की वीसच्या जागी एक ओढली म्हणजे धोकाही विसाव्या हिश्श्यावर, हार्टचं तसं नसतं हो. २०१८ला बीएमजे या ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा आला, त्यात रोज २० ओढणाऱ्याला हार्टचा जो जादा धोका असतो त्याच्या जवळपास निम्मा रोज एकच ओढणाऱ्यालाही निघाला. निम्मा! प्लेटलेट्स (रक्ताची गुठळी बनवणाऱ्या पेशी) चिकट व्हायला आणि रक्तवाहिनीचं आतलं अस्तर बिघडायला थोडा धूरही पुरतो, पुढच्या १९ भर घालतात पण त्या मानाने कमी.

आता थोडा धूर पुरतो म्हटल्यावर तो कोणी ओढला याला काय अर्थ राहिला? जपानमध्ये न ओढणाऱ्या धडधाकट तरुणांना अर्धा तास धुरात बसवलं, तर गरज पडली की हार्टचा रक्तपुरवठा वाढवायची त्यांची ताकद तेवढ्यापुरती ओढणाऱ्यांच्या लेव्हलला आली (हा अभ्यास २००१चा). अमेरिकेत मोंटानातल्या हेलेना गावात २००२ला सहा महिने सार्वजनिक ठिकाणी स्मोकिंग बंद होतं, तेव्हा हार्ट अटॅकचे ॲडमिशन एरवीच्या सरासरी ४० वरून २४ वर आले, कोर्टाने बंदी थांबवली आणि आकडा परत वर. गाव छोटं, त्यामुळे एवढ्या मोठ्या घटीवर मी डोळे झाकून विश्वास ठेवत नाही, पुढे मोठ्या अभ्यासांत ती बरीच कमी दिसली, पण दिसली.

गॅलरीचं म्हणाल तर दार उघडंच असतं ना, वारा आत वळला की धूर थेट हॉलमध्ये. आणि जळत्या टोकाचा धूर फिल्टरमधून जातच नाही.

दहावरून दोनवर येणं सोपं नाही, मानलं. फक्त हार्टच्या खात्यात त्याचा फायदा वाटतो तेवढा जमा होत नाही, पूर्ण सोडली तर मात्र साधारण वर्षभरात जादा धोका निम्म्यावर येतो. राहिलेल्या दोनसाठी तंबाखू सोडायला मदत करणारी सरकारी हेल्पलाइन १८००-११-२३५६ लावून बघा, फुकट आहे, नंबर तुमच्या पाकिटावरच छापलेला असेल.