इंग्रजीत सर्वनाम नामाच्या जागी जसेच्या तसे बसत नाही

इंग्रजी बोलायला शिकणाऱ्यांमध्ये एक दावा सतत फिरत असतो. त्याचा आशय असा: इंग्रजी वाक्य म्हणजे कर्ता, क्रियापद आणि कर्म, नामाच्या जागी सर्वनाम घातले तरी रचना तीच राहते, ‘ली’ने संपणारा शब्द म्हणजे क्रियाविशेषण, आणि तो वाक्यात कुठेही ठेवला तरी अर्थ बदलत नाही, फक्त ‘टू’ आणि क्रियापद यांच्यामध्ये तो कधीही ठेवू नये. चार ओळींत व्याकरण संपते, म्हणून हा दावा लोकांना आवडतो. परंतु त्याचा एकही भाग तपासणीला उतरत नाही, आणि जो विद्यार्थी तो प्रामाणिकपणे पाळतो, तोच अधिक चुकतो. म्हणून त्याला सविस्तर उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

‘ली’चा मुद्दा लवकर निकालात निघतो. ‘फ्रेंडली’, ‘लव्हली’, ‘कॉस्टली’ ही विशेषणे आहेत. ‘ही स्पोक फ्रेंडली’ असे प्रमाण इंग्रजीत म्हणत नाहीत, ‘ही स्पोक इन अ फ्रेंडली वे’ असे म्हणावे लागते. उलट ‘फास्ट’ आणि ‘हार्ड’ हे शब्द ‘ली’ न लावताच क्रियाविशेषणाचे काम करतात. ‘ही वर्क्स हार्ड’ म्हणजे तो कष्ट करतो, तर ‘ही हार्डली वर्क्स’ म्हणजे तो जेमतेमच काही करतो. याचे मूळ जुन्या इंग्रजीत आहे. तेथे विशेषण घडवणारा आणि क्रियाविशेषण घडवणारा असे दोन वेगळे प्रत्यय होते; काळाच्या ओघात त्यांचे शेवट झिजले आणि दोन्हींचे ‘ली’ झाले. ‘हार्ड’च्या क्रियाविशेषण रूपाला शेवटी एक स्वर होता, तोही गळून पडला आणि दोन्ही रूपे एकसारखी दिसू लागली. शब्दाच्या शेपटीवरून त्याची जात ठरवता येत नाही ती यामुळे.

क्रियाविशेषण कुठेही चालते, हा दावा मराठीभाषकाला सहज पटतो, कारण ‘ती अस्खलित इंग्रजी बोलते’ आणि ‘ती इंग्रजी अस्खलित बोलते’ ही दोन्ही वाक्ये आपल्याला खटकत नाहीत. मराठीत कर्ता कोण आणि कर्म कोणते हे ओळखायला विभक्तिप्रत्यय पुष्कळदा मदत करतात. इंग्रजी नामांना कर्ता आणि कर्म यांत भेद करणारे प्रत्यय उरलेले नाहीत, त्यामुळे शब्दांची जागाच ते काम करते आणि कर्म क्रियापदाला चिकटून राहते. म्हणून ‘शी स्पीक्स इंग्लिश फ्लुएंटली’ बरोबर आहे, पण ‘शी स्पीक्स फ्लुएंटली इंग्लिश’ चूक आहे. वारंवारता दाखवणाऱ्या शब्दांची जागाही ठरलेली असते: ‘शी ऑल्वेज कम्स लेट’मध्ये ‘ऑल्वेज’ मुख्य क्रियापदाच्या आधी येतो, पण ‘शी इज ऑल्वेज लेट’मध्ये ‘इज’च्या नंतर आणि ‘शी हॅज ऑल्वेज कम लेट’मध्ये सहाय्यक क्रियापदाच्या नंतर येतो. ‘यस्टरडे’ किंवा ‘समटाइम्स’सारखे काही शब्द खरोखरच बरेच मोकळे आहेत, हे मान्य केले पाहिजे, मात्र त्यांच्यावरून सर्वांचा नियम काढता येत नाही.

अर्थ बदलत नाही, हे म्हणणे तर त्याहून घातक आहे. ‘क्लिअरली, ही डिडन्ट आन्सर’ म्हणजे त्याने उत्तर दिले नाही हे उघड आहे. ‘ही डिडन्ट आन्सर क्लिअरली’ म्हणजे त्याने उत्तर दिले, पण ते स्पष्ट नव्हते. शब्द तेच, परंतु एका वाक्यात उत्तर आहे आणि दुसऱ्यात नाही. ‘आय रिअली डोन्ट नो’ म्हणजे मला खरोखरच माहीत नाही. ‘आय डोन्ट रिअली नो’ म्हणजे मला नीटसे माहीत नाही.

आता सर्वनामाकडे वळतो, कारण खरी गफलत येथे आहे. ‘पिक अप द बुक’ आणि ‘पिक द बुक अप’ ही दोन्ही वाक्ये बरोबर आहेत. ‘द बुक’च्या जागी ‘इट’ घालून पाहा: ‘पिक इट अप’ चालते, ‘पिक अप इट’ चालत नाही. नामाला दोन जागा मोकळ्या होत्या, सर्वनामाला एकच उरली. त्यावरून ‘सर्वनाम नेहमी मध्ये घालावे’ असा नवा नियम कोणी करील, तर तोही फसेल. ‘शी रॅन अप द हिल’ म्हणजे ती टेकडी धावत चढली. येथे सर्वनाम घातल्यावर ‘शी रॅन अप इट’ असे होते. ‘शी रॅन अप द बिल’ म्हणजे तिने बिल वाढवून ठेवले. त्याचे मात्र ‘शी रॅन इट अप’ होते. वरवर दोन्ही वाक्यांचा साचा एकच दिसतो. पण पहिल्यात ‘अप’ हा टेकडीशी जोडलेला शब्द आहे, म्हणजे आपल्या शब्दयोगी अव्ययासारखा, तर दुसऱ्यात तो ‘रॅन’शी जोडलेला आहे आणि दोघे मिळून एक क्रियापद होते. हा भेद नाम असेपर्यंत झाकलेला राहतो आणि सर्वनाम घालताच उघडा पडतो.

कर्त्याच्या बाबतीतही हेच दिसते. ‘हिअर कम्स द बस’ म्हणतात, पण ‘हिअर कम्स इट’ म्हणत नाहीत, ‘हिअर इट कम्स’ म्हणतात. त्याचप्रमाणे ‘अवे वेंट द बॉय’, पण ‘अवे ही वेंट’. सर्वनाम क्रियापदानंतर येतच नाही असे मात्र नाही: ‘नेव्हर हॅव आय सीन धिस’ या वाक्यात ‘आय’ हा ‘हॅव’नंतर आला आहे, कारण तेथे सहाय्यक क्रियापद पुढे सरकले आहे.

यामागचे तत्त्व असे की इंग्रजी वाक्याचा शेवट नव्या आणि वजनदार माहितीसाठी राखलेला असतो. ‘इट’ किंवा ‘ही’ यांना स्वतःचा आघात नसतो आणि ते ज्याच्याविषयी आहेत ते ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक असते, म्हणून ते शेवटची जागा ‘अप’ला किंवा ‘कम्स’ला देतात. बोट दाखवून, आघात देऊन ‘पिक अप दॅट’ म्हटले तर ते चालते, ते याच कारणाने. कर्म लांबलचक असेल, तर ‘अप’ त्याच्याआधीच उरकावा लागतो, आणि एरवी कर्माला क्रियापदापासून तोडू न शकणारे क्रियाविशेषणही तेव्हा मध्ये येऊ शकते. जागा बदलण्याचे कारणच सर्वनामात असताना ‘नामाऐवजी सर्वनाम घाला, रचना तीच राहते’ असे शिकवणे मला गैर वाटते.

राहिला ‘टू’चा मुद्दा. 1864 मध्ये कँटरबरीचे डीन, म्हणजे तेथील कॅथेड्रलचे प्रमुख धर्मगुरू, हेन्री अल्फर्ड यांनी ‘टू’ आणि क्रियापद यांच्यामध्ये क्रियाविशेषण ठेवण्याच्या रचनेवर आक्षेप घेतला होता. प्रत्यक्षात ती 14व्या शतकातील इंग्रजी लेखनातही सापडते. ‘शी डिसायडेड टू ग्रॅज्युअली रिड्यूस द डोस’ याचा अर्थ निःसंदिग्ध आहे. ‘ग्रॅज्युअली’ हा शब्द ‘टू’च्या आधी नेला, तर निर्णय हळूहळू झाला की मात्रा हळूहळू कमी करायची, हेच कळेनासे होते. शेवटी ठेवला तर अर्थ टिकतो, आणि परीक्षक जुन्या मताचा असेल तर तसे खुशाल लिहावे. पण ही पळवाट सर्वत्र नसते. ‘आय वॉन्ट टू रिअली अंडरस्टँड इट’ म्हणजे मला ते खऱ्या अर्थाने समजून घ्यायचे आहे. ‘रिअली’ मागे नेऊन ‘आय रिअली वॉन्ट टू अंडरस्टँड इट’ केले, तर जोर समजण्यावरून इच्छेवर जातो; ‘अंडरस्टँड’ आणि ‘इट’ यांच्यामध्ये त्याला जागा नाही, आणि वाक्याच्या शेवटी तो उपरा वाटतो. दाव्याने जी एक जागा निषिद्ध ठरवली आहे, तीच येथे या शब्दाची योग्य जागा आहे.